बाकावरचा साक्षीदार

सही करण्याआधी ते पेनाचं टोक डाव्या तळहातावर घासून बघायचे. पेन नवं असो, बँकेचं दोरीला बांधलेलं असो, नाहीतर कुणी खिशातून काढून दिलेलं असो, आधी तळहातावर एक निळी रेघ आणि मग कागदावर सही. सही मोठी, गोलगोल, आडनावाखाली दोन आडव्या रेघा. ती झाली की पेन परत करताना ठरलेलं वाक्य यायचं, "सहीनं हात थोडाच झिजतो, मॅडम?"

मुकुंदवाडीच्या आमच्या शाखेत मी काउंटरवर बसायला लागले, तेव्हा त्यांना रिटायर होऊन वर्ष झालं होतं. ते महापालिकेत लाईनमन होते. विजेचे नव्हेत, पाण्याचे. आपल्या शहरात नळाला रोज पाणी येत नाही हे मी तुम्हाला सांगायला नको. ज्या दिवशी येतं त्या दिवशी कुठल्या गल्लीचा व्हॉल्व्ह किती फेरे उघडायचा, हे या माणसाच्या मनगटात होतं. टोकाच्या गल्लीला नऊ फेरे, स्टेशनकडच्या चढाला चौदा. रिटायर झाल्यावरही पाणी कधी येणार हे लोक महापालिकेला न विचारता त्यांनाच विचारत. सगळे त्यांना काका म्हणायचे, म्हणून मीही म्हणू लागले.

दर महिन्याच्या दोन तारखेला ते पेन्शन काढायला येत. एटीएमचं कार्ड होतं, पण ते आलं त्याच पाकिटात घरी पडलेलं. मी एकदा टोकलं, तर म्हणाले, "मशीनला माझी सही कुठं ओळखू येती?" पैसे घेतले की ते पंख्याखालच्या बाकावर तासभर बसायचे. बसण्यामागे कारण होतं. आमच्याकडे अंगठा लावणारी माणसं अजून येतात, आणि कागदावर अंगठा आला की दोन साक्षीदार लागतात. ऐन गर्दीत साक्षीदार कुठून आणायचा? मी काउंटरवरूनच हाक मारायची, "काका, जरा साक्षीला या." गुडघ्यांवर हात टेकून ते उठायचे, तळहातावर रेघ ओढायचे आणि सही करायचे.

कागद वाचायचे मात्र कधीच नाहीत. मी रागवायची, काका, निदान वर काय लिहिलंय ते तरी बघा. त्यावर उत्तर तयार. तुम्ही वाचलंय ना, मग आणखी किती जणांनी वाचायचं? गल्लीत कुणाचं रजिस्टर पत्र आलं आणि घराला कुलूप असलं, तर पोस्टमन सरळ काकांच्या दारात. तिथेही सही. तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. दुसऱ्याच्या कागदावर आपलं नाव असणं हाच त्यांना मान वाटतो.

या स्वभावातलं सगळ्यात मोठं काम म्हणजे जामीनकी. त्यांच्या नोकरीच्या काळात कर्मचाऱ्यांची एक पतसंस्था होती. कर्ज घ्यायचं तर दोन जामीनदार लागत, आणि ते ऑफिसातलेच असत. तू माझा जामीन, मी तुझा, असा तिथला रिवाज. कर्ज मंजूर झालं की घेणाऱ्याने जामीनदारांना मिसळ खाऊ घालायची, तीही पाण्याच्या टाकीखाली बसून. काकांनी अशा किती मिसळी खाल्ल्या याची गणती नव्हती. "मी मानूस बघून सही करतो, कागद बघून नाय," असं ते अभिमानाने सांगायचे. आणि खरं सांगायचं तर तोवर एकाही माणसाने त्यांना दगा दिला नव्हता.

ज्याच्या कर्जात ते अडकले, दगा त्याही माणसाने दिला नाही. तो मेला.

मार्च संपत आला होता. आमच्या साहेबांनी एक पत्र माझ्या टेबलावर पाठवलं. पतसंस्थेच्या वसुली अधिकाऱ्याचं होतं. अमुक कर्जदाराने हप्ते थकवले, कर्जदार मयत, दुसरा जामीनदारही मयत, सबब हयात जामीनदाराच्या खात्यातली रक्कम रोखून ठेवावी, पुढे जमा होईल तीही रोखावी. खाली नाव आणि खाते क्रमांक. क्रमांक मला पाठ होता, कारण दर महिन्याला मीच तो टाईप करायची. थकबाकी दोन लाखांच्या वर गेली होती.

खातं रोखायला दोन मिनिटं लागतात. एक रकाना भरायचा, कारण निवडायचं, साहेबांनी मंजूर करायचं. मी ते केलं. काकांना फोन करता आला असता, नंबर समोर दिसत होता. मी केला नाही. कुणी विचारलं की ग्राहकाला आधी का कळवलंत, तर काय सांगणार, अशी भीती वाटली. माझा स्वभावच भित्रा आहे. पुढचे चार दिवस माझा डबा तसाच घरी परत जात होता. पहिल्या तारखेला पेन्शन जमा झाली आणि आल्या पावली अडकली, ते मी स्क्रीनवर बघितलं.

दोन तारखेला ते आले. स्लिप भरली, तळहातावर रेघ ओढली, सही केली आणि स्लिप खिडकीतून आत सरकवली. मी ती हातात धरून बसले. मग मी मान खाली घालूनच म्हणाले, "काका, पैसे निघणार नाहीत."

"पेन्शन आली नाय का?"

आली, पण अडकवली आहे, असं म्हणून मी त्यांना सगळं सांगितलं. मागे रांग होती, म्हणून हळू आवाजात. ते पेनाचं टोपण लावत होते, काढत होते.

"त्याच्या घरी गेला का असा कागद?" त्यांनी विचारलं.

"ते मला माहीत नाही. काका, खातं तुमचं बंद झालंय."

"व्हय, ते कळालं. पण तिच्या घरी नाय ना गेला?"

ती म्हणजे कर्जदाराची बायको. कर्जदार म्हणजे काकांचा जोडीदार, वीस वर्षं एकाच टाकीवर दोघं ड्युटीला होते. त्याने घरावरचे पत्रे काढून स्लॅब टाकायला कर्ज घेतलं, काही वर्षं नीट फेडलं, मग आजारी पडला आणि त्यातच गेला. मला आता राग यायला लागला होता. मी विचारलं, तुम्हाला आधी नोटीस आली नव्हती का? आली नसेल तर तसं लिहून देऊ, काहीतरी मार्ग निघेल.

नोटिसा तीन आल्या होत्या, जामीनदार म्हणून काकांच्याच नावे. तिन्ही पोचपावत्यांवर काकांची सही होती, मोठी, गोलगोल, खाली दोन रेघा. पहिली आली तेव्हा जोडीदार दवाखान्यात होता. काकांनी ती उघडली, वाचली आणि खिशात घातली. "आजारी मानसाच्या उशाशी असला कागद ठिवायचा का मॅडम?" दुसरी त्याच्या तेराव्याच्या आत आली. तेव्हा कशी न्यायची? तिसरी आली तोवर आधीच्या दोन का दाबून ठेवल्या हे सांगण्याची लाज वाटायला लागली होती. तिन्ही नोटिसा पाण्याच्या पाळ्या लिहायच्या जुन्या वहीत ठेवलेल्या होत्या. जन्मात कागद न वाचणाऱ्या माणसाने वाचले ते तेवढे तीन, आणि ते कुणाला दाखवले नाहीत.

त्या दिवशीही ते बाकावर जाऊन बसले. अर्ध्या तासाने एक म्हातारी अंगठा लावायला आली. मी हाक मारली नाही, मला ती मारवेना. तेच आपणहून उठून आले.

नियम मी त्या दुपारीच शोधला. खरं तर तो आधीच ठाऊक असायला हवा होता. पेन्शनवर अशी टाच आणता येत नाही. मी परिपत्रक घेऊन साहेबांकडे गेले. साहेब माणूस वाईट नव्हते, पण त्यांची बदली जवळ आली होती आणि बदली जवळ आलेला माणूस कशालाही हात लावत नाही. त्यांनी काकांच्या खात्याचा उतारा उघडला आणि माझ्याकडे वळवला. त्यात पेन्शनशिवाय दर महिन्याला वीस-पंचवीस बारक्या रकमा जमा होत्या. दोनशे, दीडशे, दोनशे.

मला त्या रकमा कसल्या ते लगेच कळलं. पाणी लांबलं की त्यांची गल्ली मिळून टँकर मागवायची. वर्गणी लोक मोबाईलवरून काकांच्या खात्यात टाकायचे. पाण्याचे पैसे पाण्याच्या माणसाकडे, इतका सरळ हिशेब. पण कागदावर ते पेन्शनचं खातं राहिलं नव्हतं. साहेब म्हणाले, कुणीतरी तीन वर्षांचा उतारा तपासून, पेन्शनची प्रत्येक नोंद वेगळी काढून, एवढी रक्कम निव्वळ पेन्शनची आहे असा दाखला द्यावा लागेल. मग पतसंस्थेला लिहू आणि तेवढी मोकळी करू. "करा तुम्ही," ते म्हणाले, "पण दाखल्यावर सही तुमची राहील."

इथे मी कच खाल्ली. आमच्या एका सहकाऱ्याने असाच एक दाखला दिला होता, त्यात चूक निघाली, आणि त्याची वेतनवाढ थांबली होती. माझ्या डोक्यावर घराचा हप्ता, मुलीचं कॉलेज. मी उतारा छापला, फाईलीत ठेवला आणि फाईल ड्रॉवरमध्ये. आज गर्दी आहे, उद्या करू. उद्या सर्व्हर बंद होता. परवा मी उतारा काढला, दोन पानं तपासली, एक नोंद कशाची ते कळेना, परत ठेवला. अशी आठवड्याची सुट्टी उजाडली. काका रोज येत होते. झालं का, असं त्यांनी एकदाही विचारलं नाही. येऊन बाकावर बसायचे, दोघाचौघांच्या अंगठ्यांना सही द्यायचे आणि दुपारी जायचे. त्यांनी विचारलं असतं तर मला बरं वाटलं असतं. निदान चिडता आलं असतं.

रविवारी मी त्यांच्या घरी गेले. का गेले, तर घरात बसवेना. स्टेशनच्या मागच्या गल्लीत दोन खोल्या, दारात निळे ड्रम ओळीने झाकून ठेवलेले. काका टँकरवाल्याला थोडं थांब म्हणून सांगायला गेले होते. त्याची वर्गणीही खात्यात अडकली होती आणि गल्लीत कुजबुज सुरू झाली होती. घरात काकू एकट्याच होत्या. त्यांनी चहा ठेवला. दूध काढायला त्यांनी फ्रीज उघडला तेव्हा दारातल्या कप्प्यात मला इन्सुलिनची बाटली दिसली. तळाशी बोटभरही औषध नव्हतं.

मी विचारलं, दुसरी आणलीय का? काकूंनी आधी हो म्हणून मान हलवली, मग माझ्याकडे पाहून खरं काय ते सांगितलं. त्यांना वाचता येत नाही. सुईवरच्या रेघा मोजून त्या औषध घ्यायच्या. डॉक्टरांनी वीस रेघा सांगितलेल्या.

"मी आठ दिवसांपासून बारा रेघाच घेती," त्या म्हणाल्या. "त्यांना सांगू नका बाई. सांगितलं तर कुठंतरी सही करतील आन् पैसे आनतील."

पाय सुजलेत का, चक्कर येते का, असं मी विचारत राहिले आणि त्या नाय, नाय म्हणत राहिल्या. मी पर्समधून पैसे काढले, त्यांनी घेतले नाहीत. मग मी कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून बाटली आणून न विचारता फ्रीजमध्ये ठेवली. त्या नको नको म्हणत मागे आल्या आणि फ्रीजच्या दाराशीच डोळ्यांना पदर लावून उभ्या राहिल्या. परत जाताना स्कूटीवर मला स्वतःची इतकी लाज वाटत होती की मुकुंदवाडीच्या सिग्नलला हिरवा लागून गेला तरी मी उभीच होते. आठ दिवस मी एक फाईल ड्रॉवरमध्ये ठेवली होती आणि इथे ते आठ दिवस सुईवरच्या रेघांनी मोजले जात होते.

सोमवारी शाखा उघडायच्या आधी मी पोचले. लाल पेन्सिल घेऊन तीन वर्षांचा उतारा ओळ न् ओळ तपासला. पेन्शनला खूण, टँकरला फुली. न कळणारी नोंद महागाई भत्त्याच्या फरकाची निघाली, म्हणजे तीही पेन्शनच. बेरीज दोनदा केली, तिसऱ्यांदा साहेबांच्या कॅल्क्युलेटरवर केली. साडेअकराला दाखला छापून माझ्यापुढे आला. काका नेहमीप्रमाणे बाकावर होते. मी त्यांना खूण करून बोलावलं आणि सांगितलं की हे तुमच्या पेन्शनचं पत्र आहे, मी सही करतेय, आज संध्याकाळपर्यंत जाईल.

ते काउंटरला दोन्ही हात टेकून उभे राहिले. माझं पेन नेमकं तेव्हाच उमटेना. मी ते तळहातावर घासलं, तेव्हा त्यांनी हात पुढे केला आणि कागदावर ठेवला.

"मॅडम," ते म्हणाले, "आधी वाचून घ्या."

"मीच लिहिलंय काका."

"तरी वाचा. माझ्यापायी तुम्ही नका अडकू."

त्यांचा हात कागदावरून निघेना. मग मी त्यांच्यासमोर ते पत्र पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचलं, हळू आवाजात, त्यांना ऐकू जाईल असं. मागच्या रांगेतून कुणीतरी मॅडम, आटपा म्हणालं. वाचून झाल्यावर त्यांनी हात काढून घेतला आणि मी सही केली. इतक्या वर्षांत मी हजारो सह्या केल्या असतील. आठवते ती एवढीच.

पेन्शन सुटायला आणखी नऊ दिवस लागले. त्या नऊ दिवसांत मला दोन वेळा स्वप्नात चौकशीचं पत्र आलं, प्रत्यक्षात काहीच आलं नाही. टँकरची रक्कम अडकलेलीच राहिली. काकांनी ती पेन्शनमधून थोडी थोडी करून गल्लीला परत केली. आणि ज्या घरी कागद जाऊ नये म्हणून त्यांनी एवढं सोसलं, तिथे शेवटी गेलाच. जोडीदाराची बायको हातात पत्र घेऊन आमच्याच शाखेत आली. बाई घाबरली वगैरे मुळीच नव्हती, चिडली होती. बाकासमोर उभी राहून तिने काकांना सगळ्यांदेखत विचारलं, "भाऊजी, तो स्लॅब माझ्या डोक्यावर हाय ना? मग मला का नाय सांगितलं?" काका तळहातावरची रेघ अंगठ्याने पुसत बसले. ती पोळ्यांचे डबे करायची, महिन्याला हप्ता भरीन म्हणाली, आणि आजवर भरते आहे. जामीनदाराच्या खात्यामागचा ससेमिरा त्यानंतर थांबला.

एवढं झाल्यावर माणूस सुधारला असेल असं तुम्हाला वाटेल. पुढच्याच महिन्यात, दोन तारखेला, पैसे मोजून झाल्यावर ते खिडकीत वाकले आणि मला विचारलं, "तुमच्या घराच्या लोनला जामीन लागला व्हता का? लागला तर सांगा, संकोच करू नका." मी हसले, आणि मग काउंटर बंद असल्याची पाटी लावून मागे पाणी प्यायला गेले, कारण मला रडू येत होतं.

त्यानंतर दीड वर्ष ते येत राहिले. फरक एकच पडला होता. बाकावरून साक्षीला उठले की सही करण्याआधी ते अंगठेवाल्याला विचारायचे, काय लिहिलंय ठाऊक हाय ना तुला? नसलं तर मला मोठ्याने वाचायला लावायचे. रांग खोळंबायची, लोक वैतागायचे. मी वाचायची.

या जानेवारीत ते गेले. सकाळी ड्रमवरची झाकणं काढता काढता खाली बसले, ते उठलेच नाहीत. मला दोन दिवसांनी कळलं.

फेब्रुवारीत काकू आल्या. कुटुंब पेन्शनचा फॉर्म भरायचा होता. मी त्यांना खिडकीऐवजी माझ्या शेजारी आत बसवलं, औषध नीट घेता ना विचारलं. वीस रेघा, त्या म्हणाल्या. फॉर्म मी भरला, पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत त्यांना वाचून दाखवला, शाईचा पॅड पुढे केला. त्यांनी डाव्या हाताचा अंगठा उमटवला. खाली साक्षीदारांच्या दोन रिकाम्या जागा होत्या. बाहेर गर्दी होती, पंखा फिरत होता. मी फॉर्म उचलला आणि काउंटरवरून बाकाकडे बघत हाक मारली, "काका, जरा साक्षीला या."

माझ्याबरोबर काकूंनीही वळून बघितलं.